आईच्या लेखातली चिंच

माझ्या मैत्रिणींच्या घरी जेवताना काय बोलतात ते मला माहीत आहे, कारण मी विचारून घेतलंय. शेजारीण कोणाशी भांडली, बाजारात टोमॅटो कसे होते, कोणाच्या मोटारसायकलचा ब्रेक लागला नाही आणि तो थेट कांद्यांच्या ढिगात कसा घुसला. आमच्या घरी आई नाचणीच्या गोळ्याचा तुकडा मोडते, तिळाच्या कुटात बुडवते आणि विचारते, "लामारो, समज, पुलावर शत्रूची तुकडी आहे. तिच्यात आपले दोन कैदी आहेत. पूल उडवायचा का?"

दुसरीत असल्यापासून मी हा पूल उडवते आहे. कधी उडवते, कधी सोडून देते. आई दोन्ही वेळा म्हणते, "बरं. आता उलट बाजूने बोल."

तिचा तो धंदाच आहे. ती इथे आमच्या गुलू शहरातल्या विद्यापीठात शिकवते आणि तिचा विषय आहे युद्धातलं बरं-वाईट. कोणाला मारलं तर चालतं, कोणाला नाही, हुकमावरून मारलं तर ते कोणाच्या माथी. लग्नाकार्यात कोणीतरी हमखास विचारतं, "फिल्डर, युद्धात कसलं गं आलंय बरं-वाईट?" आई म्हणते, "म्हणून तर माझं काम अजून संपलेलं नाही."

तिचं नाव झालं ते एका लेखामुळे. जंगलवाल्यांनी, म्हणजे जंगलात लपून लढणाऱ्या बंडखोरांनी, पळवून नेलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाची त्यात हकिकत आहे. त्याला त्यांनी सांगितलं, या दुसऱ्या मुलाला मार, नाहीतर तुला मारतो. त्याने मारलं. ओढ्याकाठी, चिंचेखाली, बंद गिरणीच्या भिंतीशी. आता ते मारणं कोणाचं? आईने सगळ्या बाजू उलटसुलट करून शेवटी लिहिलंय, की ते मारणं त्या मुलाचं नाही, पण ओझं मात्र त्याच्याच डोक्यावर आहे, आणि ते उतरवायला मेलेल्याच्या घरातलं कोणीतरी लागतं. थंड देशांतल्या वर्गांमध्ये याला 'चिंचेचा प्रश्न' म्हणतात. आईला तिकडे बोलायला बोलावतात. ती येताना चॉकलेटं आणि सर्दी घेऊन येते.

आता माझ्याबद्दल, कारण ते महत्त्वाचं आहे. गेल्या सत्रापर्यंत मी शेवटच्या बाकावरची मुलगी होते. मग वादविवादाच्या संघातली एक मुलगी हिवतापाने आडवी झाली आणि सिस्टरांनी इकडेतिकडे बघून मला उभं केलं. मी उभी राहिले, आणि तोंडातून जे काही निघालं ते आमच्या जेवणाच्या टेबलावरचं होतं. समोरची शाळा हरली. माझ्याच आवाजाने मला धक्का बसला. तेव्हापासून मी जिन्यात बोलते, रांगेत बोलते, प्रार्थनेनंतर लगेच बोलते. कुठलीही बाजू द्या, मी जिंकून दाखवते. निदान त्या रविवारपर्यंत तरी मला तसंच वाटत होतं.

एके दिवशी आजोळहून फोन आला. फोनवर किनेरा आजोबा. ते आईचे काका. आईचे वडील लवकर गेले, म्हणून यांनीच वाढवलं. फोनवर ते नेहमी ओरडतात, जणू गुलूपर्यंत आवाज स्वतःलाच पोचवायचाय. त्या दिवशी मात्र ते इतकं हळू बोलले, की आईला दोनदा "काय?" म्हणून फोन स्पीकरवर टाकावा लागला.

"माणसं आली होती," आजोबा म्हणाले. "ओलान्याची."

ओलान्या आईचा पाठचा भाऊ. मी त्याला फक्त फोटोत पाहिलंय, तेही अर्धा, कारण फोटोच्या मध्येच कोणाचं तरी कोपर आलंय. युद्धाच्या काळात एका सकाळी तो गावाबाहेरच्या चिंचेखाली सापडला, गिरणीच्या भिंतीशी. त्यांच्यातल्या कोणाच्या हातून ते कळलं नाही. त्याला मारून जंगलवाले पुढे निघून गेले होते.

आमच्यात असं आहे, की कोणाचा खून झाला तर मारणाऱ्याच्या कुळाने स्वतःहून यावं लागतं. मध्यस्थ पाठवून म्हणावं लागतं, हे आमच्याकडून झालं. मग बोलणी होतात, आणि शेवटी दोन्हीकडचं एकेक माणूस समोरासमोर गुडघे टेकून, हात पाठीमागे धरून, वाळक्या भोपळ्याच्या एकाच वाडग्यातून ओपुट नावाच्या झाडाच्या मुळाचा कडू रस पितं. तोवर दोन्ही कुळांनी एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि कोणी आलंच नाही तर? तर काही नाही. दार तसंच उघडं राहतं. गावात अनोळखी गाडी शिरली की किनेरा आजोबा उठून उभे राहायचे. मग ती लसवाल्यांची निघायची, नाहीतर साबणवाल्याची, आणि ते परत बसायचे. हे मी लहानपणापासून बघत आले होते. मला वाटायचं, त्यांना गाड्या आवडतात.

"आले एकदाचे," आजोबा फोनवर म्हणाले. "भोपळ्यापुढे तू बसायचंस, फिल्डर. एका पोटची तूच आहेस."

फोन ठेवल्यावर आई बराच वेळ भांडी धूत राहिली. ती भांडी मी आधीच धुतलेली होती.

दोन दिवसांनी आमच्या दारात आचिरो आली. आचिरो आईची विद्यार्थिनी, दुसऱ्या वर्षाची, नेहमी पहिल्या रांगेत बसणारी. काखेत जिवंत कोंबडी. कोंबडी तिने माझ्या हातात दिली आणि आईसमोर गुडघ्यावर बसली, आमच्याकडे मोठ्यांना भेटताना मुली बसतात तशी, पण जरा जास्तच खाली.

"मॅडम, तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं," ती म्हणाली. "लोउम माझा काका आहे. तुमच्या लेखातला मुलगा."

आईच्या हातातला कप बशीवर टेकला. "लेखात कोणाचंही नाव नाही, आचिरो."

"नाव कशाला हवं, मॅडम? मधमाश्यांचं ते. त्याला मारायला लावलं तेव्हा झाडात मधमाश्या होत्या आणि त्या कोणालाच चावल्या नाहीत. हे आमच्या घरी तो तापात बडबडतो तेव्हा आम्ही शंभरदा ऐकलंय. तुम्ही वर्गात तो लेख वाचायला दिलात आणि मी ग्रंथालयातच रडायला लागले. गावाचं त्याला कधी सांगताच आलं नव्हतं. लहान होता, अंधारात चालवत नेलं होतं. पण तुम्ही शोधून काढलंत. ओढा, चिंच, चिंचेला लागून बंद गिरणी. माझा मामा गिरण्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, भिंतीला चिकटून चिंच असलेली बंद गिरणी इकडच्या भागात एकच आहे. आम्ही तिथे विचारलं, तर खरंच एक मुलगा गेलेला. आणि तो तुमचाच भाऊ. मॅडम, तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही असा लेख लिहिलात. आमच्या घरात तुमच्या नावाने प्रार्थना करतात."

कोंबडी माझ्या हातात फडफडली. आई म्हणाली, "लोउम काय म्हणाला?"

"काका काही म्हणत नाही. तो कधीच काही म्हणत नाही."

"तू लेखाखालची टीप वाचलीस का? पहिल्या पानावरची."

"कुठली टीप, मॅडम?"

आईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कोंबडीकडे. "काही नाही. चहा घे." आचिरोने मान हलवली; तिला आमच्या घरचं पाणीही चालणार नव्हतं.

आचिरो गेल्यावर मी आईच्या खोलीतून तो लेख काढला आणि टीप वाचली. एवढ्या बारीक अक्षरात की नाक कागदाला लागलं. लिहिलं होतं, सांगणाऱ्याची ओळख झाकण्यासाठी नाव आणि ठिकाणाच्या खुणा बदलल्या आहेत.

"बदलल्या म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्याने मला वेगळी जागा सांगितली होती. आमच्या कामात तसंच करावं लागतं. ज्याने विश्वासाने सांगितलं त्याला शेजाऱ्यानेसुद्धा ओळखता कामा नये. मी जागा बदलली. मधमाश्या बदलायच्या राहिल्या."

"मग चिंच?"

"चिंच मी घातली."

"आणि गिरणी?"

"ती पण."

"पण जगात इतकी झाडं आहेत. आंबा घालायचास. आपलीच चिंच का?"

पुलावरच्या प्रत्येक कैद्यासाठी जिच्याकडे उत्तर असतं ती माझी आई खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "कुठली तरी जागा हवी होती. डोळ्यासमोर तीच यायची. असं होतं लिहिताना."

"म्हणजे मुद्दाम?"

"माहीत नाही, लामारो."

आईच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला तिचा राग आला, आणि राग का आला ते कळेना, म्हणून आणखी राग आला.

रविवारी आम्ही गाडीने आजोळी निघालो. लाल धुळीचा रस्ता, आई चालवत होती, मी शेजारी, मागे पाय बांधलेली आचिरोची कोंबडी. तिने आदल्या आठवड्यात दोनदा आजोबांना फोन लावला होता. दोन्ही वेळा आजोबा मध्येच म्हणाले होते, मेंढीचं ठरलं, मूळ खणून आणलं, तू काळजी करू नकोस. आणि आईने फोन ठेवला होता.

"आता तरी सांगणार आहेस का?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

मला एवढंच हवं होतं. मी पाय वर घेतले आणि सुरू झाले. "गप्प बस, असं मला वाटतं. नीट ऐक. तू गप्प बसलीस तर कोणाचं नुकसान होतंय? आजोबांचं? त्यांना इतक्या वर्षांनी कोणीतरी मिळतंय. लोउमचं? तो मोकळा होतोय. आचिरोच्या घरचे खूष. आपलं कुळ खूष. ओलान्यामामा तर गेलेलाच आहे, त्याला कोणी मारलं याने त्याला आता फरक पडत नाही. आणि तुझा लेख तसाच राहतो. एकाचंही नुकसान नाही. उलट तू बोललीस, तर म्हाताऱ्या माणसाचं मन मोडणार, लोउमला परत पाठवणार, आचिरोला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडणार. आणि लोउमने तुला विश्वासाने सांगितलेलं उघडं करणार, ते वेगळंच. तूच म्हणतेस ना, मोजून बघ. मी मोजलं."

 पुढे बैलांचा कळप आडवा आला, तो जाईपर्यंत आई थांबली.

"उलट बाजूने बोल," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं, आणि काही येईना. खरंच येईना. 'खरं बोलावं' एवढंच सुचत होतं, आणि ते तर बालवाडीतलं होतं. "उलट बाजूच नाहीये," मी म्हणाले.

"मग तू जिंकलीस," आई म्हणाली आणि गाडी सुरू केली.

जिंकल्यावर जसं वाटतं तसं काही वाटलं नाही. गाडी भाड्याची असल्यासारखी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून चालवत होती.

आजोळच्या अंगणात दोन चुली पेटलेल्या होत्या. एक आमच्या बायकांची, एक पाहुण्यांची. पाहुण्यांनी स्वतःची लाकडं आणली होती, स्वतःची भांडी, पाण्याचे स्वतःचे डबे. मधे मोकळी जमीन, आणि तिकडून इकडे कोणी येत नव्हतं. एका तान्ह्या मुलाने मात्र रांगत सीमा ओलांडली, तेव्हा दोन्हीकडच्या बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. खुंट्याला एकीकडे मेंढी, एकीकडे बोकड, दोन्ही कुळांनी विधीसाठी आणलेले.

किनेरा आजोबांनी कोट घातला होता. एवढ्या उन्हात. "किती उशीर, फिल्डर. तुमच्या विद्यापीठात घड्याळं नसतात का?"

"रस्त्यात बैल होते, काका."

"बैलांना लेक्चर देत बसली असशील." ते हसले. त्यांना असं हसताना मी बघितलंच नव्हतं. खालचे दोन दात नाहीत हेही मला माहीत नव्हतं. मग त्यांनी माझा गाल धरला. "आणि ही. ऐकलं, ही आता माणसांना बोलून हरवते म्हणे."

"फक्त शाळांना, आजोबा."

"बरं आहे. आज कोणाला हरवू नकोस."

लोउम पलीकडे बाभळीखाली उभा होता. मी कुठल्याशा भयानक माणसाची कल्पना केली होती. हा बारीक, हातात टोपी, अंगात नवा शर्ट, दुकानातल्या घड्या अजून तशाच. तो सायकली दुरुस्त करतो असं आचिरोने सांगितलं होतं. त्याच्या नखांत काळं वंगण होतं आणि तो ते टोपीच्या कडेने काढायला बघत होता. तो चिंचेकडे बघत नव्हता. सगळे त्याला मधूनमधून चिंच दाखवत होते, हळूच, बोटाने, आणि तो मान हलवत होता. पण त्याची नजर तिसरीकडेच होती, गावाच्या मागे, जिथे काहीच नाही, नुसती सपाट जमीन.

मध्यस्थ तिसऱ्या कुळातले एक लादित होते, म्हणजे मानाचे वडीलधारे. त्यांनी आधी दोन्हीकडच्या लोकांना काठ्यांचा आवाज करायला लावला, भांडण्याचं सोंग करायला लावलं. मग मधल्या मोकळ्या जमिनीवर भोपळा आला. ओपुटचं मूळ सकाळीच कांडून ठेवलं होतं, त्याचा थोडा लगदा बिअरमध्ये कालवला, बाकीचा सुपात राहू दिला. रंग गढूळ पाण्यासारखा. वास मला इतक्या लांबूनही आला.

"घोटाआधी," लादित म्हणाले, "ज्याच्या पोटात काही असेल त्याने बाहेर काढावं. पोटात ठेवून प्यायलं तर आतच आंबतं."

 आचिरो माझ्याकडे बघून हसली. मी माझ्या चपलेकडे बघितलं.

आई गुडघ्यांवर बसली. समोर लोउम बसला. दोघांनी हात पाठीमागे घेतले. आता फक्त दोघांनी एकाच वेळी वाकायचं, कपाळं जवळजवळ लागतात इतकं, आणि घोट घ्यायचा. लोउम वाकला. आई वाकली नाही.

तिची मान मला मागून दिसत होती. ताठ. मला वाटलं, पाठ दुखत असेल. मग मला कळलं की पाठ नाही. मला एकदम वाटलं, वाक ना आई, एवढंच तर आहे. आणि त्याच क्षणी वाटलं, नको वाकूस. हे दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"काका," आई म्हणाली, तशीच गुडघ्यांवर. "ही चिंच मी लेखात घातली. मला कोणी ती सांगितली नव्हती."

आजोबा पुढे झाले. "म्हणजे?"

"या माणसाने मला जे सांगितलं ते त्याचं आहे, ते मी उघड करणार नाही. मी फक्त माझं सांगते. आमच्या कामात माणसाला लपवायला जागा बदलतात. मी बदलली आणि आपली घातली. या लोकांनी माझा लेख वाचला आणि ते इथे आले. ते खोटं बोलले नाहीत. चूक माझी आहे."

पाहुण्यांच्या बाजूला कुजबुज झाली. आचिरोचं तोंड उघडंच राहिलं. आजोबा म्हणाले, "पण ओलान्या तर इथेच सापडला. त्याच झाडाखाली. लेख आधी की ओलान्या आधी?"

"ओलान्या आधी, काका."

"मग?"

"मग काही नाही. त्याला कोणी मारलं ते मला माहीत नाही."

मला वाटलं, आता मी उठून काहीतरी बोलावं. सगळ्या बाजू मांडाव्यात. पण बोलायला गेले तर गाडीत म्हटलेलंच परत सुचत होतं, कोणाचं नुकसान होतंय. आणि तेव्हा आई म्हणाली, "येताना माझ्या मुलीने मला विचारलं, गप्प बसलीस तर कोणाचं नुकसान. मला उत्तर देता आलं नाही. आत्ता इथे बसल्यावर दिसलं. काका, तुम्ही इतकी वर्षं गाडी आली की उठून उभे राहता. तसंच कोणीतरी दुसरीकडे, त्या मेलेल्या मुलाच्या घरी, उभं राहत असणार. लोउम आज इथे प्यायला, की तो मोकळा झाला. मग तिकडे कोणीच जाणार नाही. त्यांच्या दारात कधीच गाडी येणार नाही."

मी मोजलं होतं. सगळ्यांना मोजलं होतं. ते लोक मोजायचे मला सुचलेच नव्हते, कारण ते इथे नव्हते.

 मग लोउम सरळ झाला. त्याचे हात अजून पाठीमागेच होते, जणू कोणी सोड म्हणायची वाट बघतोय.

"तिथे टेकडी होती," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "इथे टेकडी नाही. लॉरीतून उतरलो तेव्हाच दिसलं मला."

"आणि तू बोलला नाहीस?" आजोबांनी विचारलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत.

"बोलणार होतो. पण तुम्हीच पुढे आलात, माझे दोन्ही हात धरलेत आणि म्हणालात, 'आलास.' मी जंगलातून सुटून आलो तेव्हासुद्धा मला कोणी तसं म्हटलं नव्हतं." तो थांबला. "मग मला वाटलं, टेकडी कदाचित मलाच चुकून आठवत असेल. किंवा पावसाने झिजली असेल."

मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग ते हसू तिथेच मेलं.

आजोबा खाली बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवर, कोटासकट. "मग माझ्या ओलान्याला कोणी मारलं?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी सगळ्यांना विचारलं, लोउमला, लादितांना, चिंचेला.  आई गुडघ्यांवरच त्यांच्याकडे सरकली आणि तिने त्यांच्या कोटाची बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.

लादितांनी घसा खाकरला. ते आतापर्यंत अशा कितीतरी प्रसंगांना बसले असतील, पण या वेळी त्यांनाही पुढचं पाठ नव्हतं, ते दिसत होतं. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तुम्हा दोन कुळांत रक्त नाही."

"नाही," आई म्हणाली.

"रक्त नाही, तर पाण्याला बंदी नाही."

"मग या दोन चुली कशाला जळताहेत?" पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली. "लाकडं फुकट आली का?"

हे इतकं अचानक आणि इतकं खरं होतं, की बायका एकदम हलल्या. तिकडचं पातेलं इकडे आलं, इकडचा नाचणीचा गोळा तिकडे गेला. आईच्या चुलत बहिणीने पाहुण्यांना मातीच्या माठातलं पाणी दिलं आणि त्यांनी ते प्यायलं, जरा घाबरत, मग भराभर. मेंढी आणि बोकड खुंट्यालाच राहिले आणि एकमेकांची पानं खायला लागले. मला हसावं की रडावं कळेना. सगळे जेवत होते, शेंगदाण्याच्या कुटातली भाजी वाढत होते, एकमेकांना "अजून घ्या" म्हणत होते, जसं लग्नात म्हणतात. आणि ज्यासाठी सगळे आले होते ते झालंच नव्हतं. आनंद होता तो कशाचा होता? मी आचिरोशेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "टीप कोण वाचतं गं?" मी म्हणाले, "कोणीच नाही." मग तिने डोळे पुसले आणि माझ्या ताटातला कोंबडीचा तुकडा घेतला. तो तिच्याच कोंबडीचा होता.

आजोबा जेवले नाहीत. मी ताट घेऊन गेले, तर म्हणाले, "ठेव. बघू." आईने नेलं, तर म्हणाले, "तू खाऊन घे, फिल्डर." एवढंच. त्यांनी तिला माफ केलं का रागावले, मला आजही सांगता येणार नाही. मी नंतर आईलाही विचारलं. तिलाही येत नाही.

निघायच्या वेळी लोउम आईकडे आला. टोपी हातात गोल फिरवत म्हणाला, "मॅडम, ती जागा तुम्ही लपवलीत. आता मला शोधून द्याल? मला नुसती टेकडी आठवते. टेकड्या पुष्कळ आहेत."

आईने आजूबाजूला बघितलं. "इथे सांगू? सगळ्यांसमोर?"

"सांगा. माझंच आहे ना ते."

"टेकडी, तिच्या पायथ्याशी पाणी," आई म्हणाली. कागद नाही, काही नाही, जसं रोज म्हणत असावी तसं. "पाण्यापलीकडे आंब्यांची रांग. आणि दुरून घंटा ऐकू येत होती, चर्चची. वाऱ्याने कधी येत होती, कधी नव्हती. तू म्हणाला होतास."

लोउमची टोपी फिरायची थांबली. "घंटा," तो म्हणाला. "घंटा मी विसरलो होतो."

"मी नाही विसरले."

 त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं, आणि मला वाटतं त्यालाही कळत नव्हतं.

"टेकडी, पाणी आणि घंटा असलेली गावं शोधता येतील," आई म्हणाली. "पण तिथे गेल्यावर ते तुझे हात धरतीलच असं नाही."

"माहीत आहे."

"तरी जाशील?"

"तुम्ही याल?"

आईने लगेच हो म्हटलं नाही. मग म्हटलं.

तिकडे आजोबा उठले होते. सुपात कांडलेल्या मुळाचा उरलेला लगदा होता, भोपळ्यात न गेलेला. मला वाटलं, ते तो फेकून देणार. त्यांनी सूप उन्हात ठेवलं आणि वाकून बोटांनी लगदा पातळ पसरायला लागले.

"काय करता, आजोबा?"

"वाळवतो. वाळलं की टिकतं." त्यांनी वर बघितलं नाही. "पुन्हा खणायला माझ्यात ताकद कुठे आहे? कोणी आलंच, तर हाताशी असू दे."

लोउम निरोप घ्यायला त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला होता. आजोबा मान वर करत नव्हते. मग लोउमने खाली बघितलं. त्याची सावली बरोबर सुपावर पडली होती. तो दोन पावलं बाजूला सरकला. ऊन परत सुपात आलं, आणि आजोबा पसरत राहिले.